चारही चाकांचा व्यायाम

वारज्याच्या पुढे, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून पत्र्याची एक शेड आहे. शेडवर नाव नाही. पहिल्याच भेटीत मी त्याचं कारण विचारलं होतं.

"ज्याची गाडी अडली त्याला सापडते," उत्तर आलं. "ज्याची नाही अडली, त्यानं येऊन करायचं काय?"

मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. असं उत्तर ऐकलं की दुकानदारावर माझा विश्वास बसतो. पुढे कळलं, की बाई चंद्रपूरकडच्या आहेत. म्हणजे हा गुण पुण्याबाहेरही पिकतो तर! हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

बाईंचं नाव उल्का निखाडे. वय चाळिशीच्या अलीकडचं. वडील जंगल खात्यात जीप चालवायचे. उल्कानं आयटीआय केलं, पुण्यात आली आणि चाकणच्या एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या लायनीवर नऊ वर्षं काढली. तिथे तिच्या वाट्याला अकरा बोल्ट होते. समोर गिअरबॉक्स आला की अकरा बोल्ट आवळायचे, पुढे सरकवायचा. नऊ वर्षांनी तिला वाटलं, की या अकरा बोल्टांच्या आत काय असतं तेही बघावं. तिनं कायमची नोकरी सोडली. ही बातमी कळल्यावर चंद्रपूरहून नातेवाईक आले आणि दोन दिवस सुतकात बसावं तसे बसून गेले.

आता ती फक्त फोर-व्हीलच्या, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देता येते अशा, गाड्या बघते. आमच्या कार्यालयाच्या दोन जीप जमीनमोजणीसाठी डोंगरात जातात. त्यांच्या दुरुस्तीचे कागद माझ्या टेबलावरून जातात, म्हणून सहा वर्षांची ओळख.

तिची एक पद्धत होती. दुरुस्त झालेली गाडी ती मालकाला लगेच द्यायची नाही. आधी तोंडी परीक्षा. मालकानं सीटवर बसायचं आणि गिअरच्या बाजूचा दुसरा दांडा कशासाठी, कधी लावायचा, कधी काढायचा, हे सांगायचं. लाखांच्या गाड्या घेतलेले भले भले तिथे नापास झालेले मी पाहिलेत. हिंजवडीच्या एका साहेबांनी विचारलं होतं, "फोर-व्हील टाकलं की गाडी जास्त पळते ना?"

"हाव," उल्का म्हणाली. "गॅरेजकडे."

नापास झालेल्याला ती ओलं फडकं द्यायची. एक टोक त्याच्या हातात, दुसरं आपल्या. "हे पुढचं चाक, हे मागचं. गाडी वळली, की पुढच्या चाकाला लांबून जावं लागते, मागचं जवळून जाते. दोघांचा रस्ता वेगळा, म्हणून फिरणंही वेगळं. पण फोर-व्हील लावलं, की दोघांना एकत्र बांधलं. सारखंच फिरा. मातीवर, वाळूवर चाक जरासं घसरते, पीळ निघून जाते. सुक्या डांबरावर चाक घसरत नाही. मग पीळ कुठे जाईल?" आणि ती फडकं पिळायची. साहेबांच्या बुटांवर पाणी पडायचं. हा धडा कोणी विसरत नसे, कारण बूट महागाचे असत.

या परीक्षेतून तिनं आयुष्यात एकाच माणसाला सूट दिली. त्या माणसाला तिच्याकडे मी नेलं होतं.

दीनानाथ खांबेटे आमच्या समोरच्या इमारतीत राहतात. वय चौऱ्याहत्तर, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. रोज सकाळी सूर्यनमस्कार आणि सगळ्याची नोंद वहीत: पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, दूधवाला किती मिनिटं उशिरा आला. त्यांचा मुलगा केयूर आयटीत आहे. गडांवर, घाटांत, जंगलांत जायचं म्हणून त्यानं फोर-व्हीलची मोठी गाडी घेतली. मग कामाचे तास अमेरिकेच्या घड्याळावर गेले आणि गाडी इमारतीच्या खाली, कव्हर घालून. वर्षातून तीनदा ती बाहेर निघायची. त्यातल्या दोन वेळा पीयूसीसाठी.

केयूर मात्र अशा गाड्यांच्या मालकांच्या गटात फार उत्साही. चारशे जणांचा तो गट, प्रमुख तनुजा नावाच्या दंतवैद्य. बाई चिखलातून गाडी काढतात तेव्हा दात काढल्यासारखीच काढतात, असं ऐकून आहे. उल्काकडचं निम्म्याहून जास्त काम या गटाकडून यायचं. गटाचं काम आहे म्हणून शेड होती, असंच म्हणा.

डिसेंबरात केयूरच्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला. तो दीनानाथरावांनाच दिसला, कारण केयूरनं गाडी पाहूनच महिना झाला होता. मी त्यांना उल्काकडे घेऊन गेलो. ट्रान्सफर केसचं सील गेलं होतं. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची लोखंडी पेटी. ताकद दोन चाकांना द्यायची की चारांना, हे तिथे ठरतं. उल्कानं पेटी उघडली, सील बदललं, तेल बदललं. दीनानाथराव स्टुलावर बसून सगळं पाहत होते आणि प्रत्येक बोल्ट कुठून निघाला हे वहीत लिहीत होते.

"सील गेलं कशानं?" त्यांनी विचारलं.

"उभी राहून राहून, काका. वापर नाही. तेल खाली बसते, वरचं सुकते. अधूनमधून फोर-व्हील लावून फिरवत जा. बरं राहते."

"म्हणजे व्यायाम."

"तसंच समजा."

दीनानाथरावांनी ते लिहून घेतलं. मग उल्काला तेल कोणत्या दर्जाचं, पेटीत किती मावतं, असे नऊ प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून मान डोलावली. असा अभ्यासू मालक तिनं पाहिला नव्हता. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यांची काय परीक्षा घ्यायची? वडिलांसारखे आहेत." आणि तिनं किल्ली दिली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला समोरची गाडी सुरू व्हायला लागली. केयूर तेव्हा झोपायला गेलेला असे. दीनानाथराव पांढरा बनियन, कानटोपी, पुढचे दिवे चालू, अशा थाटात गाडी बाहेर काढत. टिळक रोड, स्वारगेट, परत. सात किलोमीटर, चारही चाकांवर. अधूनमधून म्हणजे किती, हे उल्कानं सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं पन्नास वर्षांत एक दिवस सूर्यनमस्कार चुकवला नाही, त्यानं अधूनमधूनचा अर्थ रोज असा घेतला. कुठे, हेही तिनं सांगितलं नव्हतं.

इमारतीच्या तोंडाशी गाडी आत वळवताना टायर किंचाळायचे. गाडी धक्के खात, अडखळत वळायची, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. मी गॅलरीतून रोज पाहायचो. बोलावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण सदाशिव पेठेत सकाळी साडेसहाला शेजाऱ्याला न विचारता सल्ला द्यायचा, म्हणजे नळाचं पाणी जायच्या वेळेला वाद ओढवून घ्यायचा. मी चहा पीत राहिलो.

विमलाबाई, त्यांच्या पत्नी, एकदा जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "काका गाडीची फार काळजी घेतात."

"घेतात ना," त्या म्हणाल्या. "शेहेचाळीस वर्षांत मला कधी 'चल फिरायला' म्हणाले नाहीत. गाडीला रोज नेतात."

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी वळताना किंचाळण्याऐवजी धाडकन आवाज झाला. गाडी निम्मी रस्त्यावर, निम्मी फाटकात. दूधवाला, पेपरवाला, क्लासची मुलं, सगळी वाहतूक थांबली. दीनानाथराव खाली उतरले, घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

केयूर दुपारी उठला. बाबांनी गाडी आजच बाहेर काढली असणार, असं त्यानं धरलं. त्यानं दोन महिन्यांपूर्वी पेटी कोणी उघडली होती एवढंच विचारलं, आणि गटावर लिहिलं. पूर्ण नावासकट, तीन वेळा: उल्का निखाडेंच्या गॅरेजनं उघडलेली ट्रान्सफर केस दोन महिन्यांत फुटली, उल्का निखाडेंकडे काम देण्याआधी विचार करा, उल्का निखाडेंचा अनुभव मी स्वखर्चानं घेतला आहे. सोबत रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा फोटो. संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी सहमतीचा अंगठा टाकला. त्यातल्या निम्म्यांना आपल्या गाडीत ट्रान्सफर केस आहे हे त्याच दिवशी कळलं असावं.

चार दिवसांत उल्काच्या शेडमधून तीन गाड्या परत गेल्या. येणाऱ्या पाच आल्या नाहीत. मी गेलो तेव्हा ती रिकाम्या शेडमध्ये हत्यारं पुसत बसली होती. पुसलेलीच परत पुसत होती.

"पंधरा दिवस असंच राहिलं तर शेड सोडावी लागते," ती म्हणाली. "परत चाकण. अकरा बोल्ट." मग माझ्याकडे पाहून, "साहेब, तुम्ही समोरच राहता ना? काका गाडी कशी चालवून राहिले होते?"

मी सांगितलं. साडेसहा, टिळक रोड, स्वारगेट, रोज.

तिच्या हातातला पाना थांबला. "डांबरावर?"

"सदाशिव पेठेत दुसरं काय असतं?"

तिनं पाना खाली ठेवला. "आणि तुम्ही रोज पाहून राहिले होते."

 चहाचा उल्लेख मी टाळला.

तिनं तनुजाबाईंना फोन केला. एकच मागणी: पेटी रविवारी सगळ्यांसमोर उघडायची. दोष माझा निघाला तर मीच शेड बंद करते. नाही निघाला तर ज्यानं लिहिलं त्यानं तिथेच लिहायचं.

रविवारी सकाळी गाडी ओढून शेडमध्ये आणली आणि गटाचे वीस-बावीस जण जमले. खांबेटे पितापुत्र आले. केयूरचे डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या मानानं ती मध्यरात्रच होती. दीनानाथराव इस्त्रीच्या शर्टात, बगलेत वही.

उल्कानं आधी पेटीला हात लावला नाही. तिनं पुढचे टायर दाखवले. बाहेरच्या कडा खरवडलेल्या. "किती किलोमीटर झालेत?" तनुजाबाईंनी विचारलं. नऊ हजार. नऊ हजाराला टायरच्या कडा अशा होत नाहीत, हे गाडीवाल्यांना कळलं. कुजबुज सुरू झाली. मग तिनं पेटी उघडली. आतली साखळी ताणून लोंबत होती, आणि ज्या दात्यांवरून ती फिरते ते सगळे सारखे झिजलेले.

"मी बेअरिंग वाकडं बसवलं असतं, तर एका बाजूचे दाते खाल्ले असते," ती म्हणाली. "हे सगळे सारखे खाल्लेत. रोज थोडे थोडे. नेमानं."

"नेमानं म्हणजे व्हॉट?" केयूर म्हणाला. "गाडी तर पार्किंगमध्येच असते."

"असते," दीनानाथराव म्हणाले, "सात वाजून पाच मिनिटांनंतर."

केयूर बापाकडे वळला. आपली गाडी रोज सकाळी फिरायला जाते, ही बातमी त्याला वीस लोकांसमोर मिळत होती. "बाबा, तुम्ही चालवता? रोज?"

"सदुसष्ट दिवस. एक दिवस चुकला. तुझ्या मावशीचं श्राद्ध होतं." आणि दीनानाथरावांनी अभिमानानं वही उघडली. पुरावा मागितला तर तयार असावा, ही त्यांची नोकरीतली सवय. तनुजाबाईंनी ती घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'सकाळी साडेसहा. चारही चाके. स्वारगेटपर्यंत. वळताना गाडी किंचित विरोध करते. स्नायू मोकळे व्हायला वेळ लागेल.'"

कोणीतरी हसलं.

"'विरोध वाढला. व्यायाम कमी पडत असावा. उद्यापासून मंडईला एक जादा फेरी.'" तनुजाबाईंनी पान उलटलं. "'दांडा चारवरून दोनवर येत नाही. घट्ट बसला आहे. उत्तम.'"

आता शेड हसत होती. दीनानाथराव मात्र शांतपणे लोकांकडे पाहत होते; नोंदीत व्याकरणाची चूक नव्हती, मग हसण्यासारखं काय, असं त्यांचं तोंड. तनुजाबाईंनी वही मागे चाळली आणि पहिल्या पानावर त्या थांबल्या. हे पान त्यांनी हळू वाचलं.

"'उल्काबाईंची सूचना: चारही चाके अधूनमधून लावून फिरवावीत. व्यायामासारखे.'"

हसणं बंद झालं. केयूरचे डोळे पूर्ण उघडले. "हे बघा! म्हणजे यांनीच सांगितलं. बाबांनी फक्त फॉलो केलं. मी जे लिहिलंय ते राइट आहे."

सगळे उल्काकडे पाहायला लागले. खरं सांगायचं तर तिला नाही म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस, ऐकण्यात चूक झाली, म्हटलं असतं तर वीस माणसांनी मान्य केलं असतं. साक्षीदार मी एकटाच होतो, आणि माझा बोलण्याचा लौकिक तिला माहीत होताच.

"सांगितलं," उल्का म्हणाली. "मी 'मातीवर' म्हटलं नाही. आमच्या बाबांच्या जीपला फोर-व्हील लागायचं, तेव्हा खाली डांबर नसायचंच. म्हणायची गरजच पडली नाही कधी. इथे येऊन सोळा वर्षं झाली, इथे सगळीकडे डांबर आहे, हे माझ्या ध्यानात असायला पाहिजे होतं. आणि दुसरं. मी प्रत्येकाची परीक्षा घेते. काकांची घेतली नाही. वय पाहिलं. ती चूक माझी. मजुरी मी घेणार नाही. पण पेटी मी वाईट जोडली, असं कोणी म्हणू नका. ती मी नीटच जोडली होती."

"म्हणजे चूक फिफ्टी-फिफ्टी," केयूर म्हणाला. "मग गटावर काही लिहायची गरज नाही. मिटलं."

 मिटलं म्हणजे गटावरचा तो मजकूर तसाच राहणार, हे उल्काला कळलं होतं. तनुजाबाई काही बोलणार, तेवढ्यात दीनानाथरावांनी हात वर केला. कचेरीत हात वर करून बोलण्याची त्यांची पद्धत असावी.

"बाई, 'मातीवर' का? ते अजून कोणी सांगितलेलं नाही."

उल्कानं इकडेतिकडे पाहिलं, बादलीतून फडकं काढलं आणि त्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. तिनं पीळ दिला. पाणी त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडलं. दीनानाथरावांनी बुटांकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, मग बाजूला पडलेल्या साखळीकडे पाहिलं.

"रोज," ते म्हणाले.

"रोज, काका."

"आणि मी जादा फेरी सुरू केली." त्यांनी फडक्याची नीट घडी करून ते बादलीच्या काठावर ठेवलं आणि मुलाकडे वळले. "केयूर, या बाईंचं नाव तू गटावर तीन वेळा लिहिलं आहेस. आता माझं एकदा लिही. पूर्ण. दीनानाथ वामन खांबेटे यांनी चारही चाके सदुसष्ट दिवस डांबरावर चालवली, त्यामुळे पेटी फुटली. जोडणीत दोष नव्हता. लिही."

"बाबा, प्लीज. चारशे लोक आहेत."

"तिचं नाव लिहिताना किती होते?"

केयूरनं लिहिलं. दीनानाथरावांनी चष्मा लावून ते वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला लावला, आणि मगच पाठवू दिलं. अंगठे त्यावरही आले. पहिल्या मजकुरापेक्षा बरेच कमी. दुसऱ्याची चूक वाचायला लोकांना जेवढा उत्साह असतो तेवढा दुरुस्ती वाचायला नसतो. पण मंगळवारी एक गाडी आली, गुरुवारी दोन आल्या. शेड राहिली.

मार्चमध्ये नवी साखळी बसली. उल्कानं किल्ली दिली नाही. या वेळी परीक्षा, आणि तीही तोंडी नव्हे. खडकवासल्याच्या पुढे तिच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान आहे. पाटाचं पाणी सुटून तिथे चिखल झाला होता. मागच्या सीटवर मी. मला बोलावलं नव्हतं, पण उल्का म्हणाली, "तुम्हीही या. तुम्ही तर पाहण्यात पास आहातच."

चिखल समोर दिसला तशी ती म्हणाली, "आता लावा, काका."

"आधी अडकू तर द्या. गरज पडल्याशिवाय कशाला?"

"ठीक आहे."

दीनानाथराव दोन चाकांवर आत गेले आणि दहा फुटांवर रुतले. चाक जागच्या जागी फिरायला लागलं. चिखल माझ्या खिडकीवर आला.

"पाऊस अंगावर पडल्यावर छत्री आणायला घरी जाता का तुम्ही?" उल्कानं विचारलं.

 फावड्यानं चाकाखालचा चिखल मी काढला. वहीत त्याची नोंद झाली की नाही, माहीत नाही. मग त्यांनी चाक सरळ केलं, चारही चाकं लावली, आणि गाडी सशासारखी न दचकता बैलासारखी चालत बाहेर आली. दीनानाथरावांच्या चेहऱ्यावर सूर्यनमस्कारानंतरचा भाव होता.

जिथे माती संपते आणि डांबर सुरू होतं, तिथे त्यांनी गाडी थांबवली. तिनं सांगितलं नव्हतं. त्यांनी दांडा ओढला. दांडा निघेना.  उल्का खिडकीतून बाहेर पाहत राहिली. दीनानाथरावांनी जरा विचार केला, चाक सरळ ठेवलं, गाडी हळूच दोन हात मागे घेतली. आत खट्ट झालं आणि दांडा सुटला.

"पीळ निघाला," ते म्हणाले.

"पास," उल्का म्हणाली. "महिन्यातून एकदा इथे यायचं. रोज नाही."

दीनानाथरावांनी वही काढली. "किती मार्क?"

"तेहतीस."

"बाकीचे सदुसष्ट कुठे गेले?"

"स्वारगेटला," ती म्हणाली, आणि किल्ली त्यांच्याकडेच ठेवून खाली उतरली.